सोलरवरचा नारळ

माझं रिसोडात हार्डवेअरचं दुकान आहे. चोवीस वर्षं गल्ल्यावर बसून मला माणसं ओळखता येतात, असा माझा समज होता. गिऱ्हाईक काय बोलतं याकडे मी फारसं लक्ष देत नाही, काय नेतं ते पाहतो. घरात गळती लागली की साधा माणूस मिस्त्रीला फोन करतो. ज्याला स्वतःच्या अकलेचा भारी अभिमान असतो, तो स्वतः भोक बुजवायला एमसील मागतो. आणि रिठदचे पुंजाजी अवचार दर महिन्याला एमसील न्यायचे, तेही दोन-दोन पाकिटं.

पुंजाजी माझ्या भावकीतले. नातं नेमकं कसं लागतं ते सांगणारी म्हातारी माणसं आता उरली नाहीत, पण लग्नकार्यात एकमेकांकडे पत्रिका जातात, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो आणि त्यांच्या बायकोला, चतुराबाईंना, वहिनी. जमीन चांगली, सोयाबीन आणि हळद दोन्ही पिकतं, खायची-प्यायची ददात नाही. ददात असली तर एकच, पुंजाजींना या जगात माहीत नाही असं काही सापडत नव्हतं. बोअर कुठे मारावा, बैलाला काय झालं, कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ शोभेल, सगळ्यावर त्यांचं मत तयार. बरं, मत चुकलं तरी माणूस हलायचा नाही. त्यांनी दाखवलेल्या जागेवर एकाचा बोअर कोरडा गेला, तर म्हणाले, पाणी होतं, मशीनवाल्यानं उशीर केला.

असल्या माणसाच्या घरी सोलर आला, म्हणजे पाणी तापवायचा सोलर. तो त्यांनी आणला नाही, मुलानं पाठवला. मुलगा ऋषिकेश पुण्याला कारखान्यात आहे. अक्षय तृतीयेला घरी आला तेव्हा त्यानं पाहिलं की आई अजूनही पहाटे परसात चूल पेटवते, भला मोठा गंज, म्हणजे पातेलं, पाण्यानं भरून वर चढवते, आणि उकळलं की दोन फडक्यांनी धरून अंगणातून न्हाणीपर्यंत नेते. वहिनींचे गुडघे तेव्हाच गेलेले होते. घर नवीन स्लॅबचं झालं होतं, न्हाणीत नळ बसले होते, पण गरम पाणी मात्र वहिनींच्या हातांनीच यायचं. ऋषिकेशनं सोलर पाठवला तेव्हा बापाला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की हा तुमच्या शोभेसाठी नाही, आईनं उद्यापासून गंज उचलू नये म्हणून आहे. बापानं त्यातला ‘नाही’ तेवढा ऐकला नाही.

कंपनीच्या माणसांनी सोलर जिन्याच्या खोलीवर चढवला. ती घरातली सगळ्यात उंच जागा, तिथे जायला फक्त लोखंडी शिडी. काचेच्या काळ्या नळ्या, त्यांच्या डोक्यावर पांढरा डबा, आणि डब्यातून वर आलेला हातभर उंचीचा पाइप. हा पाइप हवेचा. पाणी भरताना आतली हवा त्यातून बाहेर जाते, ऊन तापलं की वाफ निघते. ज्या आठवड्यात सोलर लागला त्याच आठवड्यात घराची वास्तुशांती झाली. आमच्याकडे नव्या घराच्या सगळ्यात उंच टोकाला लाल फडक्यात नारळ बांधतात, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर घरावर पडण्याआधी त्याच्यावर पडावी म्हणून. पुंजाजींच्या घराचं सगळ्यात उंच टोक आता तो पाइप होता. नारळ त्याच्या डोक्यावर गेला, आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून फडक्याचा बोळा पाइपाच्या तोंडात चांगला ठासून बसवला गेला.

आपण स्वतः शिडी चढून नारळ कसा बांधला, हे पुंजाजींनी पंगतीत वाढप्यांना अडवून अडवून सांगितलं. पूजा सांगणाऱ्या महाराजांनी वर एक अट घातली होती. ज्याच्या हातानं नारळ बांधला, उतरवायचा झाला तर त्याच्याच हातानं उतरवायचा, दुसऱ्यानं हात लावला तर घराला बाधतं. हीही अट पुंजाजींनी सगळ्यांना ऐकवली.

सोलर पंधरा दिवस चालला. मग नळाला आधी नुसती हवा, मग दोन तांबे गढूळ पाणी, मग पुन्हा हवा यायला लागली. सकाळी पाहावं तर डबा रिकामा आणि जिन्याच्या भिंतीवरून ओघळ. पुंजाजी माझ्या दुकानात आले आणि मी विकलेल्या नळात खोट आहे असं चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. मी मेहबूब मिस्त्रीला त्यांच्याबरोबर पाठवून दिलं.

मेहबूबचा बाप आमच्या बाजारात स्टोव्ह दुरुस्त करायचा. स्टोव्ह गेले, गॅस आला, मेहबूब सोलरकडे वळला. कमी बोलणारा, हात स्वच्छ. तो वर जाऊन पाच मिनिटांत खाली उतरला, आणि संध्याकाळी दुकानात येऊन माझ्यासमोर बसला.

“शेठ, डब्याचं नाकच बुजवून ठेवलं हाये त्यायनं,” तो म्हणाला. “नाक बुजवून मानूस किती दिवस जगन? दुपारी वाफ कोंडते, मंग ती नळ्यायच्या तोंडचे रबर फाडून बाहीर निंगते. रातभर ठिबकते. तो नारळ काढला की झालं. रबर बदलाचे, एका दुपारचं काम हाये.”

मी विचारलं, मग काढला का नाहीस. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझ्या प्रश्नाची लाज वाटली. लोकाच्या घरावर पूजेचा नारळ, तोही असली अट घातलेला. त्याला मेहबूबनं हात लावला आणि उद्या त्या घरात कुणाला साधा ताप आला, तर गाव कुणाच्या नावानं बोंबलेल, हे सांगायची गरज नव्हती. त्यानं पुंजाजींना सांगून पाहिलं होतं की तुम्हीच उतरवा काका, मी खाली शिडी धरतो. त्यावर पुंजाजींनी, मुहूर्त पाहून उतरवीन, तू तुझं काम कर, असं उत्तर दिलं होतं. जाताना मेहबूब मला म्हणाला की तुम्ही भावकीतले आहात, तुम्ही त्यांच्या घरी जाऊन एकदा सांगा.

मी सांगतो म्हणालो. आणि सांगितलं नाही. दुसऱ्याच्या घरावरचा नारळ उतरवायला सांगून नसती पीडा कोण मागे लावून घेईल? आणि खोटं कशाला बोलू, पुढे काय होतं ते पाहायची मला गंमत वाटत होती.

गंमत भरपूर झाली. पुंजाजींना मुहूर्त काही सापडेना. आधी पितृपक्ष होता. मग दिवाळीची सफाई होती. मग पौष लागला, पौषात कुणी शुभकार्य करतं का? त्यापुढे भावकीत सुतक, मग चातुर्मास, एका वर्षी अधिक महिना. पंचांगात सगळं मिळून इतके वाईट दिवस असतात हे मला पुंजाजींमुळे कळलं. मुहूर्त निघेपर्यंत मात्र माणूस स्वस्थ बसला नाही. त्यांचा सालदार गडी भाऊसिंग शिडीवरून वर जायचा आणि पुंजाजी खाली स्लॅबवर उभे राहून काठीनं वर दाखवत हुकूम सोडायचे. इथं एमसील लाव, तिथं सायकलची ट्यूब कापून बांध. एकदा तर काळं जास्त तापतं म्हणून त्यांनी अर्ध्या नळ्यांना बाहेरून डांबरी रंग फासायला लावला. नळ्या आतून मुळात काळ्याच असतात, ऊन काचेतून आत जावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार? सोयाबीन काढायला मशीन लागलं की कुटाराचा, म्हणजे भुशाचा, सगळा धुराळा त्या नळ्यांवर जाऊन बसायचा. तो पुसून घे, असं ते भाऊसिंगला कधी म्हणाले नाहीत. पुसण्यात कसली अक्कल लागते?

भाऊसिंग हुशार होता. तो नारळाच्या बाजूनं जायचाच नाही, मागच्या बाजूनं हात घालून एमसील लावायचा.

घरात बायकोला आणि फोनवर मुलाला पुंजाजींनी सांगून ठेवलं होतं की सोलरमधला एक पार्ट कंपनीतूनच खराब आला आहे आणि नवा पार्ट बंगलोरहून यायचा आहे. ऋषिकेशनं दोनदा कंपनीचा माणूस पाठवतो म्हटलं, तर यांनी, “मी काय मेलो काय?” म्हणून फोन ठेवून दिला. हे सगळं ते माझ्या दुकानात येऊन मला कौतुकानं सांगायचे. ते गेले की मी दुकानातल्या लोकांना हसवायचो. पार्ट बंगलोरहून बैलगाडीनं निघाला आहे, आज सोलापुरात पोचला. पुढच्या महिन्यात म्हणायचो, नांदेडला बैल थकले. सहाव्या वर्षी तो पार्ट हिंगोलीत मुक्कामाला होता. लोक पोट धरून हसायचे आणि मलाही वाटायचं की आपल्या बोलण्यात काही मजा आहे.

महिन्या-दोन महिन्यांनी उधळीचं म्हणजे वाळवीचं औषध, रंग, काहीतरी पोचवायला मी रिठदला जायचो. वहिनी चहा करायच्या. परसातली चूल काळी झालेली दिसायची, शेजारी सरपणाची रास, पालथा घातलेला गंज. एकदा वहिनींनी मला विचारलं होतं की भाऊजी, तुमच्या दुकानात नाही का मिळत तो पार्ट. मी म्हणालो होतो, तो पार्ट लई दुर्मिळ आहे वहिनी. आणि स्वतःच्या विनोदावर मनातल्या मनात खूश होऊन घरी आलो होतो.

गेल्या मार्गशीर्षात, थंडी कडाक्याची असताना, वहिनी पहाटे गंज घेऊन अंगणातून जात होत्या. फरशीवर दव पडलं होतं. पाय घसरला. त्या पडल्या आणि गंज त्यांच्या डाव्या पायावर पालथा झाला. गुडघ्यापासून खाली सगळी कातडी गेली. वाशिमला दवाखान्यात अकरा दिवस ठेवावं लागलं. ऋषिकेश आला, रात्रंदिवस बसला, बापाशी एक शब्द बोलला नाही आणि रजा संपली तसा परत गेला. पुंजाजी आलेल्या-गेलेल्याला सांगत होते की बायकांना पायाखाली पाहून चालायची सवयच नसते.

वहिनी घरी आल्यावर मी भेटायला गेलो. पुंजाजी शेतात होते. त्या ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या, पायाला पांढरी पट्टी. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी मला विचारलं की आता तरी तो पार्ट कुठवर आला, तुम्हाला काही कळतं का. त्यांना माझा विनोद माहीत नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

मी म्हणालो, “वहिनी, पार्ट-बिर्ट काही नाही. त्या पाइपावर नारळ बांधला आहे ना, त्यानं सोलरची हवा बंद झाली आहे. तो काढला की सोलर चालू होतो. पण भाऊंच्या हातचा आहे, त्यांनाच उतरवावा लागेल, आणि त्यांचा मुहूर्त निघत नाही.”

वहिनी पाय आवरून सरळ बसल्या.

“तो नारळ?” त्या म्हणाल्या. “तो तं मी बांधला.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. वास्तुशांतीच्या दिवशी पाहुणे यायच्या आधी दोघं नवराबायको नारळ घेऊन स्लॅबवर गेले. पुंजाजी शिडीच्या दोन पायऱ्या चढले आणि त्यांना गरगरायला लागलं. घामाघूम होऊन खाली बसले. उंचीवर त्यांना चक्कर येते, विहिरीत डोकावलं तरी येते, हे घराबाहेर कुणालाच माहीत नाही. तेव्हा वहिनींनीच पदर खोचला, वर गेल्या, नारळ बांधला, पडू नये म्हणून फडकं पाइपात कोंबलं आणि खाली आल्या. पुंजाजी म्हणाले, कुणाला सांगू नको. त्यांनी सांगितलं नाही.

म्हणजे सहा वर्षं मुहूर्त निघत नव्हता तो यासाठी. स्वतः चढायची छाती नव्हती, आणि बायकोला चढवावं तर पंगतीत ठोकलेली थाप उघडी पडली असती. देवभोळा म्हणून ज्याला मी हसत होतो, तो साधा भित्रा होता, आणि भित्रेपणा झाकायला त्यानं देवाला पुढे केलं होतं. नाचता येईना म्हणे अंगण वाकडं, इथे तर अंगणच नव्हे, सगळं पंचांग वाकडं. मला त्या माणसाची अशी किळस आली की तो समोर असता तर मी काय बोललो असतो सांगता येत नाही.

पण वहिनी माझा राग निवेपर्यंत थांबल्या नाहीत. उठल्या, भिंतीला धरत आतून विळा आणला आणि जिन्याकडे निघाल्या. मी म्हणालो, वहिनी, पायाची जखम अजून ओली आहे, भाऊसिंगला बोलावतो. त्या म्हणाल्या की माझ्या हातचा आहे, मीच उतरवते. मी शिडी धरली. त्या एकेक पायरीवर दोन्ही पाय ठेवत वर गेल्या.

तेवढ्यात पुंजाजी शेतातून आले आणि बायको घरात दिसेना म्हणून स्लॅबवर आले. बायको वर, हातात विळा, हे पाहून त्यांनी जिन्याच्या दाराची चौकट घट्ट धरली. शिडीकडे एक पाऊल टाकलं नाही. काही तरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, “आज अमावस्या हाये.”

वहिनींनी दोरी कापली. फडक्याचा बोळा क्षारानं दगडासारखा झाला होता, तो त्यांनी विळ्याच्या टोकानं कोरून काढला. नारळ पदरात घेऊन खाली उतरल्या आणि तुळशीपाशी ठेवला. हात जोडले, आणि मला म्हणाल्या, मिस्त्रीले फोन करा.

मेहबूब तासाभरात आला. तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडलं तर काच तडकते, म्हणून त्यानं आधी सगळ्या नळ्यांवर जुन्या चादरी टाकल्या. निवल्यावर एकेक नळी उपसली, आतला पांढरा क्षार धुऊन काढला, रंग फासलेल्या नळ्या घासल्या, सहा वर्षांचं एमसील खरवडलं, रबरं बदलली. दिवस मावळायच्या आत डबा भरला. एका दुपारचं काम होतं, एका दुपारीच झालं. पुंजाजी खाली ओसरीवर बसून भाऊसिंगला सांगत होते की आपल्याला पहिल्यापासून त्या पाइपाचाच संशय होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी आणि मेहबूब पुन्हा गेलो. तो गळती पाहायला वर गेला. वहिनी न्हाणीत नळासमोर उभ्या होत्या. त्यांनी नळ सोडला, हात खाली धरला आणि झटकन मागे घेतला. मग परत धरला. कितीतरी वेळ त्या तशाच नुसतं पाणी हातावर घेत राहिल्या. मला बरं वाटलं. खरं म्हणजे मला, आपण मोठं काम केलं, असंच वाटत होतं.

नळ बंद करून त्यांनी पदराला हात पुसले. “भाऊजी, तुमाले हे कवापासून ठाऊक होतं?”

मी इकडे तिकडे पाहिलं. मेहबूब वरून उतरून माझ्या मागे येऊन उभा होता. त्याच्यादेखत खोटं बोलता आलं नाही. मी म्हणालो, “पहिल्या वर्षापासून.”

“ते भित्रे हायेत, हे मले लगन झालं तवापासून ठाऊक हाये,” वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “त्यायच्यावर मी कायले रागवू? पन तुमी तं शायने होते ना, भाऊजी?”

वहिनी पट्टीचा पाय ओढत आत गेल्या. मेहबूबनं माझ्याकडे न पाहता पाने-पक्कड गोळा केले आणि मोटारसायकल चालू केली. मी त्याच्या मागे बसून रिसोडला परत आलो.